दिव्याच्या तारेमागचा माणूस : लुईस लॅटिमर

आपल्या वस्तीतली पोरं आज इंजिनियर होताहेत. कुणी डिप्लोमा करतो, कुणी डिग्री, कुणी संगणकाकडे वळतो. ज्यांच्या आज्यांनी रस्त्यावर खडी फोडली, ज्यांच्या बापांनी पाळीवर पाळी करून फी भरली, त्यांच्या घरात आज नकाशे काढले जातात. बाबासाहेबांच्या शिकवणीचं हे फळ आहे, आणि त्याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण त्याबरोबर एक प्रश्नही मनात येतो. इंजिनियर झालेल्या माणसाचं आपल्या घराशी आणि आपल्या समाजाशी नातं काय राहावं? या प्रश्नावर भाषणं पुष्कळ होतात. आम्ही भाषण न करता इतिहासातल्या एका माणसाची गोष्ट सांगणार आहोत. हा माणूस आपल्या देशातला नाही, आपल्या धम्माचाही नाही. तो अमेरिकेत गुलामीतून पळून आलेल्या आईबापांच्या पोटी जन्मला, शाळा अर्धवट सुटली, आणि तरी विजेच्या दिव्याच्या इतिहासात त्याचं नाव लिहिलं गेलं. त्याचं नाव लुईस हॉवर्ड लॅटिमर.

पळून आलेले आईबाप

लुईसची गोष्ट त्याच्या जन्माच्या सहा वर्षं आधी सुरू होते. अमेरिकेच्या दक्षिण भागात, व्हर्जिनिया राज्यातल्या नॉरफोक शहरात जॉर्ज लॅटिमर आणि त्यांची पत्नी रिबेका हे दोघे गुलाम होते. रिबेका गरोदर होत्या. तिथला कायदा असा की आई गुलाम असेल तर मूलही गुलाम, मग बाप कुणीही असो. म्हणजे पोटातल्या जीवावर मालकाचा हक्क आधीच लागलेला. जन्मावरून माणसाची किंमत ठरवण्याचा हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

१८४२ च्या ऑक्टोबरात दोघे पळाले. जॉर्ज रंगाने उजळ होते. ते गोरे मालक झाले आणि रिबेका त्यांची दासी, असं सोंग घेऊन दोघांनी उत्तरेकडचं बोस्टन शहर गाठलं. पण मालक माग काढत आला आणि त्याने चोरीचा आळ घेऊन जॉर्जना तुरुंगात टाकलं. चोरी कसली? तर स्वतःचंच शरीर पळवून नेल्याची!

बोस्टनमध्ये मोठी खळबळ उडाली. गुलामगिरीविरोधी चळवळीचे पुढारी विल्यम लॉइड गॅरिसन आणि फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामीतून पळून आलेले होते, त्यांनी सभा गाजवल्या. शेवटी चारशे डॉलर मोजून जॉर्ज लॅटिमर यांची सुटका करून घेण्यात आली. लोक एवढ्यावर थांबले नाहीत. एक माणूस सुटला, उद्या दुसरा पकडला जाईल, त्याचं काय? म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्यात सह्यांची मोहीम निघाली. साठ हजारांहून जास्त सह्या झाल्या. १८४३ साली त्या राज्याने कायदा केला की पळून आलेल्या गुलामाला पकडण्याच्या कामी राज्याचा कुठलाही अधिकारी मदत करणार नाही आणि राज्याचे तुरुंग त्यासाठी वापरले जाणार नाहीत. लोक त्याला लॅटिमर कायदाच म्हणत. एका माणसाच्या सुटकेतून हजारोंच्या उपयोगाचा कायदा निघाला. चळवळ म्हणतात ती याला.

विखुरलेलं घर

अशा घरात ४ सप्टेंबर १८४८ रोजी बोस्टनजवळच्या चेल्सी गावी लुईसचा जन्म झाला. चार भावंडांत तो सगळ्यात धाकटा. वडील न्हाव्याचं काम करीत, भिंतींना कागद चिकटवण्याचंही काम करीत. लुईस लहानपणापासून हाताखाली असे.

१८५७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रेड स्कॉट नावाच्या गुलामाच्या खटल्यात निकाल दिला की काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही. त्यानंतरच्या भीतीच्या दिवसांत जॉर्ज लॅटिमर घर सोडून निघून गेले. का गेले, याबद्दल सांगणारे वेगवेगळं सांगतात. परिणाम मात्र एकच झाला. आईच्या अंगावर चार मुलं पडली आणि घर मोडलं. मुलांना शेतीशाळेत टाकावं लागलं. तिथे शिक्षणापेक्षा राबणंच जास्त. लुईस तिथून पळून पुन्हा बोस्टनला आला. पळून येणं या घराण्याच्या नशिबीच होतं म्हणा ना!

पुढे गुलामगिरीच्या प्रश्नावर अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. १८६४ साली लुईस नौदलात भरती झाला. वय जेमतेम सोळा. 'मॅसासोइट' नावाच्या जहाजावर तो होता. जुलै १८६५ मध्ये त्याला सन्मानाने मोकळं करण्यात आलं आणि त्याच वर्षाच्या अखेरीस घटनादुरुस्ती होऊन गुलामगिरी कायद्याने संपली. ज्या मालकशाहीने आईबापांना पळायला लावलं, तिच्याविरुद्धच्या लढाईत पोराने गणवेश घातला होता.

पाहून पाहून शिकलेली विद्या

युद्धावरून परतल्यावर नोकरीसाठी वणवण. शेवटी बोस्टनमधल्या पेटंटच्या वकिलांच्या एका कचेरीत पोऱ्याची जागा मिळाली. पगार आठवड्याला तीन डॉलर. पेटंट म्हणजे नव्या शोधावर सरकारकडून मिळणारा हक्क. त्यासाठी यंत्राचा बिनचूक नकाशा काढून द्यावा लागतो. कचेरीत हे काम ड्राफ्ट्समन करीत. लुईस झाडलोट करताना, कागद इकडून तिकडे नेताना त्यांचे हात बघत राही. कोणतं हत्यार कधी उचलतात, रेघ कशी ओढतात. मग त्याने जुन्या बाजारातून चित्रकलेची पुस्तकं आणि वापरलेली हत्यारं घेतली आणि रात्री घरी बसून सराव सुरू केला.

आपल्या गिरण्यांत कित्येक कामगार असेच शिकले. बदली कामगार म्हणून उभं राहायचं आणि शेजारच्याचे हात बघत बघत साचा शिकायचा. फरक इतकाच की बघण्याची मुभाही सगळ्यांना नव्हती. त्याबद्दल पुढे येईलच.

एके दिवशी लुईसने ड्राफ्ट्समनला विचारलं, एखादा नकाशा मी काढून बघू का? तो माणूस हसला, पण कागद दिला. काम बघितलं आणि हसू थांबलं. हळूहळू ते काम त्याच्याकडे येऊ लागलं, आणि १८७२ च्या सुमारास हा कचेरीतला पोऱ्या त्याच कचेरीचा मुख्य ड्राफ्ट्समन झाला. पगार आठवड्याला वीस डॉलर.

१८७३ साली त्यांचं मेरी विल्सन यांच्याशी लग्न झालं. हे साल ध्यानात ठेवा. याच वर्षी इकडे पुण्यात जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सदाचारी लोकांना तो अर्पण केला. जोतीरावांना लॅटिमर हे नाव ठाऊक असण्याचं कारण नाही. पण ज्या चळवळीला त्यांनी पुण्यातून नमस्कार केला, त्याच चळवळीने लॅटिमर घराण्याला तुरुंगातून सोडवलं होतं.

१८७४ साली लॅटिमर यांना एका सहकाऱ्याबरोबर पहिलं पेटंट मिळालं, रेल्वेच्या डब्यातल्या संडासाच्या सुधारणेसाठी. कुणाला हसू येईल, पण घाणीचा त्रास कुणाला सोसावा लागतो हे आपल्याला कुणी सांगायला नको. १८७६ साली अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या टेलिफोनच्या पेटंटची घाई चालली होती. बेल रात्रीचे वर्ग घेत. त्यांचे वर्ग संपेपर्यंत, म्हणजे रात्री नऊनंतरही थांबून त्यांच्याकडून सूचना घेत आपण नकाशे काढले, असं लॅटिमर यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

दिव्याची तार

१८७९ साली एडिसन यांनी विजेचा दिवा बराच वेळ पेटता ठेवून दाखवला. इंग्लंडमध्ये स्वान यांनीही त्याच दिशेने काम केलं होतं. मग कंपन्याकंपन्यांत शर्यत लागली. लॅटिमर तेव्हा कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात बहिणीच्या आसऱ्याने राहायला आले होते आणि एका मशीन शॉपमध्ये नकाशे काढीत होते. तिथे त्यांना हायरम मॅक्सिम भेटले. मॅक्सिम म्हणजे पुढे मशीनगनमुळे गाजले तेच. एडिसनशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीचे ते मुख्य इंजिनियर होते. त्यांनी लॅटिमर यांना १८८० साली आपल्याकडे घेतलं.

आता दिव्याची अडचण काय होती ते थोडक्यात सांगतो. दिव्याच्या आतली तार, म्हणजे फिलामेंट, त्या काळी कार्बनची असे. कागदाची किंवा झाडाच्या तंतूची बारीक पट्टी हवा न लागू देता भट्टीत भाजायची, म्हणजे तिचा कोळसा होतो. पण भाजताना पट्टी आकसते, वाकते, तुटते. दहा भाजाव्यात तर धड किती निघतील याचा भरवसा नाही. मग दिवा स्वस्त होणार कसा? लॅटिमर यांनी युक्ती काढली. पट्टी पुठ्ठ्याच्या पाकिटात घालून भाजायची. भट्टीत पाकीट आणि आतली पट्टी सारख्याच प्रमाणात आकसतात, त्यामुळे पट्टीवर ताण येत नाही आणि आकार टिकतो. या पद्धतीचं पेटंट १७ जानेवारी १८८२ रोजी त्यांच्या नावावर झालं. त्याआधी १८८१ साली ही नाजूक तार धातूच्या तारांना पक्की कशी जोडायची, यासाठी जोसेफ निकोल्स यांच्याबरोबर त्यांना एक पेटंट मिळालं होतं. दोन्हींची मालकी मात्र कंपनीकडे गेली. डोकं कामगाराचं आणि हक्क कंपनीचा, ही रीत जगभर सारखीच.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. काही ठिकाणी असं लिहिलेलं आढळतं की बल्बचा शोधच लॅटिमर यांनी लावला. ते खरं नाही. दिवा एकट्या लॅटिमरचा नाही आणि एकट्या एडिसनचाही नाही. अनेकांच्या डोक्यातून आणि हातातून तो उभा राहिला. त्यात तार नीट भाजण्याचा आणि जोडण्याचा लॅटिमर यांचा वाटा पक्का आहे, कागदोपत्री आहे. आपल्या माणसाचं मोठेपण वाढवून सांगावं लागत नाही. वाढवून सांगितलं की खऱ्यावरचाही विश्वास उडतो.

मालकांपुढे न वाकणारा

कंपनीने लॅटिमर यांना न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया आणि कॅनडातल्या माँट्रियल शहरात दिवे बसवण्याच्या कामावर पाठवलं. माँट्रियलचे कामगार फ्रेंच बोलणारे. लॅटिमर रात्री बसून फ्रेंच शिकले आणि कामाच्या सूचना त्यांच्या भाषेत लिहून काढल्या. आपल्यापेक्षा खालच्या जागेवरच्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलायला साहेब स्वतः शिकतो, हे आम्हाला फार मोलाचं वाटतं.

१८८२ साली ते लंडनला दिव्याचा कारखाना उभारायला गेले. तिथल्या मालकांची अपेक्षा अशी की कामगाराने हात जोडून, उपकार मानून राहावं, तुम्ही आम्हाला राबू देता हीच मेहेरबानी. लॅटिमर आणि त्यांच्या सहकाऱ्याला हे जमेना. पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत खटके उडत राहिले, असं त्यांनी नंतर लिहिलं. काम पुरं करून परतले तर अमेरिकेतली जागा गेलेली. बायको पदरात, आणि पुन्हा नोकरीचा शोध.

१८८४ च्या सुमारास ते एडिसन यांच्या कंपनीत लागले, पुढे तिच्या कायदे विभागात गेले. दिव्याच्या पेटंटवरून तेव्हा मोठे खटले चालू होते. त्यातल्या गाजलेल्या खटल्यात समोरची बाजू होती लॅटिमर यांची जुनीच कंपनी! यंत्र कळणारा, नकाशा वाचणारा आणि कायदा समजणारा माणूस म्हणून त्यांची साक्ष आणि त्यांची कागदपत्रं महत्त्वाची ठरत. १८९० साली विजेच्या दिव्यांवरचं त्यांचं पुस्तक निघालं. ते सोप्या भाषेत होतं, कारण दिवे बसवणाऱ्या सामान्य माणसाला कळावं हा हेतू. १९१८ साली एडिसनच्या जुन्या सहकाऱ्यांनी 'एडिसन पायोनियर्स' ही संस्था काढली, तिच्या संस्थापक सभासदांत लॅटिमर हे एकटेच काळे होते.

तोच दिवा आणि आपल्या गिरण्या

दिव्याची ही गोष्ट आम्ही गिरणीवाल्यांनी एका बाजूने ऐकून भागणार नाही. मुंबईच्या गिरण्या आधी सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालत. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्याचा तो लगामही सुटला. कामाचे तास तेरा-चौदांच्या पलीकडे गेले. कामगारांत असंतोष पसरला, चौकश्या झाल्या आणि शेवटी १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांत दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. म्हणजे ज्या दिव्याने पोराला रात्री पुस्तक दाखवलं, त्याच दिव्याने बापाची रात्रही कामाला जुंपली. शोध वाईट नसतो. तो कुणाच्या हातात आहे आणि त्याला आवर घालणारी संघटना आहे की नाही, यावर सगळं असतं.

आणि बघण्याची मुभा नसल्याचं वर म्हटलं, तेही सांगतो. गिरणीत साचेखात्यात पगार जास्त. पण तिथे आपल्या माणसांना घेत नसत. धोट्यात नवी कांडी घातली की धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न उचलला आणि ही बंदी उठवण्याची मागणी संपाच्या पुढाऱ्यांना मान्य करायला लावली. हुशारी दोन्हीकडे होती. अमेरिकेत लुईसच्या हाती कागद पडला, इथे आमच्या आजोबांच्या हाती धोटा पडू दिला नाही.

घर आणि समाज

लॅटिमर यांचं मोठेपण पेटंटवरच संपलं असतं तर आम्ही एवढं लिहिलं नसतं. लहानपणी ज्याचं घर मोडलं, त्या माणसाने स्वतःचं घर जिवापाड जपलं. न्यूयॉर्कच्या फ्लशिंग भागात त्यांनी घर घेतलं. मेरी, आणि जेनेट व लुईस अशा दोन मुली. धाकटीला स्वतःचंच नाव दिलं होतं, आणि त्याला जोडून आजीचं, रिबेकाचं. म्हणजे गुलामीतून पळून आलेल्या आईचं नाव त्यांनी पुढच्या पिढीत जिवंत ठेवलं. ते बासरी वाजवीत, चित्रं काढीत, कविता करीत. ज्या समाजात काळ्या रंगाला कुरूप म्हणत, तिथे त्यांनी काळ्या स्त्रीच्या रूपाचं गुणगान करणारी कविता लिहिली. त्यांच्या सत्त्याहत्तराव्या वाढदिवशी, १९२५ साली, घरच्यांनी आणि मित्रांनी मिळून त्यांच्या कवितांचं छोटं पुस्तक छापलं.

समाजाचं कामही त्यांनी सोडलं नाही. १८९५ साली काळ्या समाजाची राष्ट्रीय परिषद भरायची होती. तिला पाठिंबा देताना त्यांनी मांडलं की आमच्या लोकांवरच्या अन्यायाचा प्रश्न एकट्या आमचा नाही, साऱ्या देशाच्या सुरक्षिततेचा आहे. १९०२ साली ब्रुकलिनच्या शिक्षण मंडळावर काळ्या समाजाचा प्रतिनिधी राहिला नाही, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कचे महापौर सेथ लो यांच्याकडे मागणी केली की आमचा माणूस परत घ्या. शाळांच्या कारभारात आपला आवाज हवा, हे त्यांनी ओळखलं होतं.

आणि १९०६ पासून हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या संस्थेत ते परदेशातून आलेल्या गरीब लोकांना इंग्रजी आणि यंत्रांचे नकाशे काढणं शिकवीत. दिवसभर कचेरीत काम केल्यावर हे. शिकणारे बहुतेक गोरे, काल बोटीतून उतरलेले. शिकवणारा मात्र असा की ज्याच्या बापाला याच देशात चारशे डॉलरला विकत घेऊन सोडवावं लागलं होतं. त्यांनी मनात कडवटपणा ठेवला नाही. जे त्यांना चोरून बघून शिकावं लागलं, ते त्यांनी उघड शिकवलं.

बाबासाहेब त्याच शहरात

१९१३ च्या जुलैमध्ये बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला न्यूयॉर्कला पोहोचले आणि १९१६ पर्यंत तिथे होते. त्या वर्षांत लॅटिमर त्याच शहराच्या फ्लशिंग भागात राहत होते. दोघांची भेट झाल्याची नोंद नाही आणि आम्ही तशी गोष्ट रचणारही नाही. पण कोलंबियाचं जे मोठं ग्रंथालय त्या काळी होतं, ती इमारत ज्यांनी बांधवली ते विद्यापीठाचे आधीचे अध्यक्ष म्हणजे हेच सेथ लो. एकाने ज्याच्याकडे समाजासाठी अर्ज केला, त्याने उभारलेल्या ग्रंथालयात दुसऱ्याने समाजासाठी ज्ञान मिळवलं. पुढे १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्या समाजाचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या परिस्थितीतलं साम्य सांगितलं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर निघाली, तिचं नावही तिकडच्या ब्लॅक पँथरवरून. हे नातं असं जुनं आहे.

११ डिसेंबर १९२८ रोजी लॅटिमर यांचं निधन झालं. कार्बनच्या तारेचे दिवे कधीच मागे पडले. नंतर टंगस्टनची तार आली, आता तर तारच नसलेले दिवे आले. पण माणूस विस्मरणात गेला नाही. १९६८ साली ब्रुकलिनच्या एका शाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. १९८८ साली त्यांचं घर पाडण्याची वेळ आली, तेव्हा नातवंडांनी आणि लोकांनी धडपड करून अख्खं घर उचलून दुसऱ्या जागी नेलं. आज तिथे त्यांचं संग्रहालय आहे. ज्याने घर आणि समाज जपला, त्याचं घर समाजाने जपलं.

आता आपल्यापुरतं एवढंच. आपल्या विहारात अभ्यासिका आहे, संध्याकाळी पोरं येऊन बसतात. गणित अडतं, इंग्रजी अडतं, नकाशा अडतो. वस्तीतून शिकून गेलेल्या इंजिनियर मुलामुलींना आमची विनंती आहे. देणगी द्यालच, ती हवीच आहे. पण आठवड्यातून रविवारचे दोन तास इथे येऊन बसा. तुमच्या शेजारी बसून, तुमचे हात बघून एखादं पोरगं शिकेल. त्याला चोरून बघायची पाळी येऊ देऊ नका.

जयभीम.